नव्या शहरात एकट्याने राहायला जाताय? रूम शोधण्याआधी एरिया कसा निवडायचा, समजून घ्या

लातूर, जळगाव किंवा चंद्रपूरच्या एखाद्या घरात पुण्याच्या कंपनीचं ऑफर लेटर येतं. पेढे वाटून होतात आणि त्याच संध्याकाळी घरात एक प्रश्न विचारला जातो, "पुण्यात आपलं कुणी आहे का?"

कुणीतरी असतंच. मावसभाऊ कात्रजला राहतो, काकांचे मित्र भोसरीला असतात, शेजाऱ्यांचा मुलगा कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहतो. मग त्याच्याच आसपास रूम बघितली जाते. बॅग घेऊन पोरगं किंवा पोरगी तिथे पोहोचते आणि पहिल्या सोमवारी कळतं, की ऑफिस हिंजवडीत आहे, रूम कात्रजला आहे आणि मधे अख्खं शहर आडवं पसरलंय.

दरवर्षी हजारो तरुण-तरुणी शिक्षण आणि नोकरीसाठी असेच एकटे शहरात येतात. त्यातले बहुतेक जण आधी रूम निवडतात आणि एरियाचा विचार नंतर करतात. खरंतर हा क्रम उलटा हवा. तो का आणि एरिया निवडताना नेमकं काय बघायचं, हे पुण्याचं उदाहरण घेऊन समजून घेऊया. शहर दुसरं असलं तरी प्रश्न हेच राहतात.

रूमपेक्षा एरिया महत्त्वाचा का?

रूम बदलता येते. पंखा आवाज करत असेल तर दुरुस्त होतो, रूम पार्टनरशी पटलं नाही तर त्याच गल्लीत दुसरी रूम मिळते. पण एरिया चुकला तर रोजचा प्रवास, पाणी, जेवण आणि रात्री घरी येण्याची वाट या चारही गोष्टी एकदम चुकतात.

कुटुंबासोबत राहणाऱ्या माणसाला एरियातल्या उणिवा घरातली माणसं भरून देतात. पाणी सकाळी सहाला येत असेल तर कुणीतरी भरून ठेवतं. ताप आला तर कुणीतरी मेडिकलमधून गोळी आणतं. रात्री उशीर झाला तर कुणीतरी चौकात घ्यायला येतं. एकट्या माणसासाठी यातलं काहीच होत नाही. ही सगळी कामं त्याला स्वतः करावी लागतात किंवा मग त्या वस्तीने करावी लागतात. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला, मेसच्या काकू, सोसायटीचा वॉचमन, शेजारच्या आजी हीच एकट्याची व्यवस्था असते.

म्हणून एकट्याने राहणाऱ्याने एरिया निवडताना विचारायचा मूळ प्रश्न असा, 'मी आजारी पडलो, उशिरा आलो किंवा अडकलो, तर इथे माझं काय होईल?' पुढचे सगळे मुद्दे या एका प्रश्नातूनच निघतात.

'पुणे' म्हणजे नक्की कोणतं पुणे?

बाहेरून येणाऱ्याला पुणे हे एक शहर वाटतं. प्रत्यक्षात इथे दोन महापालिका आहेत, पुणे आणि पिंपरी-चिंचवड. त्यांच्या भोवती ग्रामपंचायतींची गावं आहेत. मुळा नदीच्या अलीकडचं बाणेर-बालेवाडी पुणे महापालिकेत येतं, तर पलीकडचं वाकड पिंपरी-चिंचवडमध्ये. आयटी पार्कमुळे देशभर नाव झालेलं हिंजवडी तर वर्षानुवर्षं ग्रामपंचायतीच्या हद्दीत राहिलं.

याने फरक काय पडतो? पाणी कोण देणार, कचरा कोण उचलणार, रस्त्यावरच्या दिव्याची तक्रार कुणाकडे करायची, हे सगळं हद्दीवर ठरतं. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं सामील झाली. कागदोपत्री ही गावं शहरात आली, पण पाइपलाइन आणि ड्रेनेज त्याच दिवशी पोहोचत नाहीत. त्यामुळे जाहिरातीत 'पुणे' लिहिलेलं असलं तरी तो भाग नेमका कुणाच्या हद्दीत आहे आणि तिथे सुविधा कधीपासून आहेत, हे विचारायलाच हवं.

दुसरी गोष्ट कामाच्या ठिकाणांची. पुण्यातली कामाची ठिकाणं चारी दिशांना पसरलेली आहेत. पश्चिमेला हिंजवडी आणि बाणेर, पूर्वेला खराडी, विमाननगर, मगरपट्टा आणि हडपसर, उत्तरेला भोसरी आणि चाकणची एमआयडीसी. मध्यभागी सदाशिव आणि नारायण पेठेत स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिका, मेस आणि कॉट बेसिसच्या खोल्या आहेत.

एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्यासाठी पेठेतली चिंचोळी खोली ही उत्तम निवड असू शकते, कारण अभ्यासिका, मेस आणि पुस्तकांची दुकानं पायी अंतरावर मिळतात. तीच खोली चाकणच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जाणाऱ्यासाठी शिक्षा ठरेल. म्हणजे 'पुण्यात राहायला चांगला एरिया कोणता?' हा प्रश्नच अपुरा आहे. 'माझ्या कामासाठी आणि माझ्या वेळेसाठी चांगला एरिया कोणता?' असा तो विचारायला हवा.

अंतर किलोमीटरमध्ये नाही, मिनिटांत मोजा

टॉमटॉम या कंपनीच्या २०२४ च्या ट्रॅफिक इंडेक्सनुसार पुण्यात १० किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद लागत होती. वाहनांच्या संथ गतीमध्ये पुणे त्या यादीत जगात चौथ्या क्रमांकावर होतं. ही सरासरी आहे. सकाळी नऊच्या हिंजवडीच्या वाटेवर किंवा संध्याकाळच्या विद्यापीठ चौकात यापेक्षा जास्त वेळ जातो.

एजंट 'ऑफिस फक्त आठ किलोमीटर' असं सांगतो तेव्हा ते खोटं नसतं, पण त्याचा उपयोगही नसतो. मोबाइलवरच्या मॅपमध्ये निघण्याची वेळ निवडता येते. तिथे सोमवार किंवा मंगळवारची सकाळी नऊची वेळ टाकून बघा, मग संध्याकाळी साडेसहाची परतीची. रविवारी दुपारी रूम बघायला जाऊन 'पंधरा मिनिटांत पोहोचलो' असं समाधान करून घेऊ नका.

स्वस्त रूम लांब आणि महाग रूम जवळ, हा पेच बहुतेकांना पडतो. तो एका साध्या हिशोबाने सोडवता येतो. समजा ऑफिसपासून २० मिनिटांवर महिना ११ हजारांची रूम मिळतेय आणि ७० मिनिटांवर ८ हजारांची. लांबच्या रूममध्ये तीन हजार वाचतात. पण जाण्या-येण्यात रोज १०० मिनिटं जास्त जातात. महिन्याचे २२ कामाचे दिवस धरले तर २,२०० मिनिटं, म्हणजे ३६ तास ४० मिनिटं. प्रवासाला रोजचे ५० रुपये जास्त लागले तर त्यात ११०० रुपये गेले. उरले १९०० रुपये. म्हणजे लांब राहून तासाला साधारण ५२ रुपये मिळाले.

ज्याचा पगार कमी आहे किंवा ज्याला घरी पैसे पाठवायचे आहेत, त्याच्यासाठी हे ५२ रुपयेही मोलाचे असू शकतात. त्यात चूक काही नाही. पण हा सौदा आपण करतोय, हे माहीत असलेलं बरं.

आता मेट्रोबद्दल. पुण्यात दोन मार्ग सुरू आहेत, पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी. दोन्ही मार्ग जिल्हा न्यायालय स्थानकावर एकमेकांना छेदतात. त्यामुळे ऑफिस मेट्रो स्थानकाजवळ असेल तर घर दुसऱ्या टोकाला असूनही चालू शकतं. कोथरूडच्या वनाजजवळ राहून रामवाडीला उतरून विमाननगरला जाणं शक्य झालंय.

पण 'इथे मेट्रो येणार आहे' या वाक्यावर जास्त भाडं देऊ नका. हिंजवडी ते शिवाजीनगर या सुमारे २३ किलोमीटरच्या तिसऱ्या मार्गाचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं. सहा वर्षांनी, २०२४ संपतानाही त्यावर प्रवासी सेवा सुरू झालेली नव्हती. भाड्याचा करार ११ महिन्यांचा असतो. या ११ महिन्यांत जे धावतंय, तेवढंच हिशोबात धरा.

जाहिरातीत न दिसणारी गोष्ट: पाणी

रूमच्या फोटोत मॉड्युलर किचन दिसतं, पण नळाला पाणी किती वाजता येतं ते दिसत नाही.

पिंपरी-चिंचवडला पवना धरणातून पाणी मिळतं. तिथे नोव्हेंबर २०१९ मध्ये दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला आणि तो पुढेही वर्षानुवर्षं चालू राहिला. पुणे शहराला खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांचं पाणी मिळतं. दुरुस्तीसाठी पुणे महापालिका पाणी बंद ठेवते ते बहुतेक वेळा गुरुवारी. नव्याने वाढलेल्या उपनगरांमध्ये अनेक मोठ्या सोसायट्या टँकरवर चालतात. टँकरचा खर्च कधी मेंटेनन्समधून, तर कधी वेगळा मागून वसूल होतो.

मोठ्या सोसायटीत टाकी असते, त्यामुळे दिवसाआड पाण्याची झळ कमी बसते. पण छोट्या इमारतीतल्या किंवा बंगल्यातल्या खोलीत राहणाऱ्या एकट्या माणसाला पाण्याची वेळ हीच दिवसाची सुरुवात ठरवते. सकाळी सातला कंपनीची बस असेल आणि पाणी साडेसातला येत असेल, तर त्या रूमचा काय उपयोग?

पाणी येण्याइतकाच ते कसं येतं हा प्रश्न महत्त्वाचा आहे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या पट्ट्यात गियाँ-बारे सिंड्रोम म्हणजेच जीबीएसचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. त्या वेळी संशयाचं बोट दूषित पाण्याकडे गेलं. या पट्ट्यातली अनेक गावं महापालिकेत नव्याने आलेली होती.

पावसाळ्याचाही विचार करा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि कात्रज, सहकारनगर, अरण्येश्वर परिसरात पाणी घुसलं. अनेकांचे जीव गेले. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्यामुळे सिंहगड रोडच्या एकतानगरीत घरं पाण्याखाली गेली आणि मदतीसाठी लष्कराला बोलवावं लागलं. नदी किंवा ओढ्यालगतच्या इमारतीत तळमजल्याची खोली स्वस्त मिळत असेल, तर ती स्वस्त का आहे, हे आधी विचारा. 'जुलैत पाणी कुठपर्यंत आलं होतं?' हा प्रश्न घरमालकाला विचारण्यापेक्षा समोरच्या किराणावाल्याला विचारलेला बरा. त्याला काही विकायचं नसतं.

सुरक्षित एरिया कसा ओळखायचा?

'एरिया सेफ आहे का?' असं विचारलं की सगळेच 'एकदम सेफ' म्हणतात. म्हणून विचारण्यापेक्षा स्वतः बघणं चांगलं.

दिवसा रूम आवडली तर त्याच एरियात रात्री साडेनऊ-दहाला पुन्हा जा. बस थांबा किंवा मेट्रो स्थानकापासून रूमपर्यंत चालत जा. मुख्य रस्ता सगळीकडेच उजळलेला असतो. खरी परीक्षा शेवटच्या पाचशे मीटरची असते. दिवे चालू आहेत का? दुकानं उघडी आहेत का? रस्त्यावर बायका-मुलं, आजी-आजोबा दिसतात का? जेवणानंतर लोक शतपावलीला बाहेर पडतात, तो एरिया साधारणपणे निवांत असतो. उंच भिंती आणि कॅमेरे असलेल्या दोन टाउनशिपमधला निर्मनुष्य रस्ता मात्र कॅमेरे असूनही एकटाच राहतो.

मुलींसाठी आणखी एक मुद्दा, जो बऱ्याचदा राहून जातो. गावी जाऊन परत येताना एसटी किंवा ट्रॅव्हल्स पुण्यात पहाटे चार-पाचला सोडते. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वारगेट आगारात उभ्या असलेल्या बसमध्ये पहाटेच्या वेळी एका तरुणीवर बलात्कार झाला आणि या वेळेच्या सुरक्षिततेचा प्रश्न राज्यभर चर्चेत आला. ही जबाबदारी व्यवस्थेची आहे, प्रवाशाची नाही. तरीही एरिया निवडताना गावाकडची गाडी कुठे थांबते हे बघून ठेवणं उपयोगी पडतं. सातारा, कोल्हापूर, सोलापूरकडच्या एसटी प्रामुख्याने स्वारगेटहून सुटतात. नाशिक आणि छत्रपती संभाजीनगरकडच्या वाकडेवाडीच्या शिवाजीनगर स्थानकातून. पहाटे उतरल्यावर उजाडेपर्यंत कुठे थांबता येईल आणि तिथून रूमवर कसं जाता येईल, हे आधीच ठरलेलं असावं.

पीजी किंवा हॉस्टेल घेणार असाल तर गेट बंद होण्याची वेळ विचारा. दहाला गेट बंद होणारं पीजी घरच्यांना सुरक्षित वाटतं. पण सेकंड शिफ्ट रात्री अकराला संपत असेल तर तेच गेट तुम्हाला रस्त्यावर उभं करेल.

आजारी पडलात तर?

हा प्रश्न रूम बघताना कुणाच्या डोक्यात येत नाही. तो येतो तो पहिल्या पावसाळ्यात, १०२ ताप असताना, तिसऱ्या मजल्यावर एकटं पडल्यावर.

रूमपासून दहा मिनिटांच्या आत काय आहे, याची एक यादी करा. उशिरापर्यंत उघडं असणारं मेडिकल, फॅमिली डॉक्टरचा दवाखाना, किराणा दुकान आणि मेस किंवा डबा देणारं घर. या चार गोष्टी जवळ असतील तर एरिया साधा असला तरी निभावतं. नसतील तर स्विमिंग पूल आणि जिम असलेल्या सोसायटीतही पहिल्याच आजारपणात हाल होतात.

यातली मेस सगळ्यांत महत्त्वाची. तिथे दोन वेळचं जेवण मिळतंच, पण दोन दिवस तुम्ही दिसला नाहीत तर तिथे कुणाच्या तरी लक्षात येतं. ऑनलाइन मागवलेल्या जेवणात ही सोय नाही.

हायवेलगतच्या नव्या टॉवरमध्ये फ्लॅट मोठे आणि नवे असतात, पण साधं दूध आणायलाही गाडी काढावी लागते. ज्याच्याकडे गाडी नाही, त्याने असा एरिया पहिल्या वर्षी टाळावा. कोथरूड, कर्वेनगर, चिंचवडसारख्या जुन्या वस्त्यांत इमारती जुन्या, लिफ्ट कधी असते कधी नसते, पार्किंगची बोंब. पण खाली उतरलं की सगळं पायाशी मिळतं. आधी काय हवंय, ते तुम्ही ठरवायचं.

पहिला महिना कच्चा ठेवा

गावात बसून, फोटो बघून ११ महिन्यांचा करार करणं ही सर्वांत महागडी चूक. पुण्यात साधारण दोन-तीन महिन्यांचं भाडं डिपॉझिट म्हणून द्यावं लागतं आणि एजंटमार्फत गेलात तर अनेकदा एक महिन्याचं भाडं ब्रोकरेज. एरिया आवडला नाही म्हणून तीन महिन्यांत बाहेर पडायचं ठरवलं, तर ब्रोकरेज गेलंच आणि डिपॉझिटमधूनही कापलं जाऊ शकतं.

त्यापेक्षा पहिला महिना पीजी, हॉस्टेल किंवा कॉट बेसिसवर काढा. नोकरदार महिलांसाठी केंद्र सरकारची 'सखी निवास' ही वसतिगृह योजना आहे, तिचीही चौकशी करा. नातेवाईक असतील तर आठ-पंधरा दिवस त्यांच्याकडे राहण्यातही काही गैर नाही. या काळात ऑफिसमध्ये किंवा कॉलेजमध्ये बरोबरीचे लोक कुठे राहतात, कसे येतात, ते विचारा. दोन-तीन एरिया निवडा आणि प्रत्येक ठिकाणी तीन वेळा जा. कामाच्या दिवशी सकाळी, रात्री दहाच्या सुमारास आणि रविवारी दुपारी.

या घाईतच फसवणूक होते. ऑनलाइन जाहिरातीत छान फ्लॅट कमी भाड्यात दिसतो, मालक स्वतःला लष्करात किंवा निमलष्करी दलात असल्याचं सांगतो, 'बदली झालीय' म्हणतो, ओळखपत्राचा फोटोही पाठवतो आणि टोकन म्हणून यूपीआयने पैसे मागतो. पैसे गेले की फोन बंद. नियम सोपा आहे. घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय आणि मालकी तपासल्याशिवाय एक रुपयाही द्यायचा नाही. महावितरणचं बिल आणि मिळकतकराची पावती मागा आणि त्यावरचं नाव घरमालकाच्या नावाशी जुळतंय का, ते बघा. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा.

'बॅचलर्सना देत नाही' म्हणाले तर?

एरिया ठरतो, रूम आवडते आणि मग सोसायटीचं उत्तर येतं, 'फक्त फॅमिली'. एकट्या मुलींना, विशिष्ट धर्माच्या किंवा जातीच्या भाडेकरूंना हे जास्त ऐकावं लागतं.

नियम काय सांगतो? महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सभासदाला फ्लॅट भाड्याने देण्यासाठी सोसायटीची पूर्वपरवानगी किंवा एनओसी लागत नाही. त्याने सोसायटीला आधी कळवायचं असतं. भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी मालकाकडून बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते, पण ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही आणि ते द्यायचं असतं मालकाने.

मात्र आपलं घर कुणाला द्यायचं, हे मालकच ठरवतो. त्याने नाही म्हटलं तर प्रत्यक्षात फार काही करता येत नाही. म्हणून ज्या सोसायटीत आधीपासून एकटे राहणारे नोकरदार किंवा विद्यार्थी आहेत, तिथे आधी शोधा. तिथे पाहुण्यांवरून, येण्याच्या वेळेवरून कटकट कमी होते. वॉचमनला विचारलं की दोन मिनिटांत कळतं.

करार करताना काय बघायचं?

'११ महिन्यांचा करार आहे, नोंदणीची गरज नाही,' असं अनेक मालक सांगतात. महाराष्ट्रात हे चुकीचं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे, मग तो कितीही महिन्यांचा असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतं. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोपर्यंत मालक ते खोटं सिद्ध करत नाही.

स्टॅम्प पेपरवर नोटरी करून घेतलेला कागद हा या नोंदणीला पर्याय नाही. नोंदणी आता ऑनलाइन होते. आधार आणि अंगठ्याचा ठसा वापरून घरबसल्या काम होतं. खर्चही फार नसतो. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवर धरलेलं व्याज मिळून होणाऱ्या रकमेच्या ०.२५ टक्के असतं. महिना १० हजार भाडं आणि ३० हजार डिपॉझिट असेल तर ११ महिन्यांसाठी ते तीनशे रुपयांच्या आसपास जातं. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क एक हजार रुपये. एजंट याच्या कितीतरी पट रक्कम सांगत असेल तर तो त्याची फी मिळवून सांगतोय.

करारात तीन गोष्टी स्पष्ट लिहून घ्या. रूम सोडण्यासाठी किती दिवसांची नोटीस, डिपॉझिट किती दिवसांत परत आणि मधेच सोडल्यास काय कापलं जाणार. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं हीसुद्धा मालकाची जबाबदारी असते. ती दिली गेलीय का, तेही विचारा. पोलिसांकडे नाव असणं हे एकट्या राहणाऱ्याच्याही फायद्याचं असतं.

रूम बघायला जाताना विचारायचे प्रश्न

- पाणी कोणत्या दिवशी, किती वाजता येतं? टँकर लागतो का आणि त्याचे पैसे कोण देतं?
- वीजबिल वेगळ्या मीटरवर की मालक सांगेल तेवढं?
- मेंटेनन्स भाड्यात धरलाय की वेगळा?
- ऑफिसकडे जाणारी पहिली बस किंवा मेट्रो किती वाजता आणि परतीची शेवटची किती वाजता?
- रात्री उशिरा रिक्षा किंवा कॅब गेटपर्यंत येते का?
- जवळचं मेडिकल, दवाखाना आणि मेस किती पावलांवर?
- आई-वडील भेटायला आले तर राहू शकतात का?
- आधीचा भाडेकरू का सोडून गेला?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मालकाकडून आणि वॉचमनकडून, दोघांकडून घ्या. दोन्ही उत्तरं जुळली तर रूम पक्की करायला हरकत नाही.

रूम घेतल्यावर पहिल्या आठवड्यात एक काम करा. शेजारच्यांना, वॉचमनला आणि मेसमध्ये आपलं नाव आणि गाव सांगा. घरच्यांना शेजाऱ्याचा एक फोन नंबर देऊन ठेवा. आपत्कालीन मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहेच. पण रात्री दोनला दार वाजवायला जवळ असतो तो शेजारीच.

"पुण्यात आपलं कुणी आहे का?" हा घरच्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. फक्त त्याचं उत्तर कात्रजच्या मावसभावापाशी संपत नाही. आपण राहतो त्या गल्लीत सहा महिन्यांनी आपल्याला नावाने ओळखणारी चार माणसं असतील, असा एरिया निवडता आला, तर पुढच्या वेळी घरून हाच प्रश्न आला की 'हो, आहेत' असं सांगता येतं.